लाभाची फेरी

‘हॉर्न नसलेली गाडी आणलीस गो तू, कृष्णाबाय!’ — नाही हो काका, तुमच्या टेम्पोला नाही म्हणत मी, मनाला लावून घेऊ नका, दाबत राहा, वाजेल कधीतरी — हे आमच्या शेजारच्या बाई मला म्हणाल्या. म्हणजे मला नाही, माझ्याबद्दल. मला ऐकू जावं असं त्यांच्या मनात नव्हतं. शुक्रवारी सकाळी, झेंडावंदन झालेलं, मी परसात भांडी घासत होते, मध्ये कुडाची भिंत, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या इंदुबाई माझ्या सासूबाईंची समजूत काढत होत्या — बॉडी बरी हाय, रंग पण बरा हाय, पण लग्नाला सात आठवडे झाले, पोरगी वाजतच नाय. आणि कृष्णाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काय म्हणाव्यात? ‘हॉर्नचं सोड गो, डिकीपण रिकामीच आणलीन!’ डिकी म्हणजे काय ते कळलं ना तुम्हाला? लग्नात माझ्या बाबांनी फ्रीज दिला नाही. मागितला कोणी नव्हता, तसं कोणीच काही मागितलं नव्हतं, फक्त ओटीवरून आत जाताना सासूबाई एका रिकाम्या कोपऱ्याकडे बघून उसासा टाकायच्या, एवढंच. तर तसला फ्रीज. तुमच्या पाठीमागे दोरीने बांधलाय ना, डबल दरवाजाचा, तसला — हळू, हळू, खड्डा! — गेला एकदाचा. अहो, उभाच राहायला हवा असं दुकानदाराने बजावलंय, आडवा झाला की आतलं तेल कुठे भलतीकडे चढतं म्हणे. म्हणून तर पेणहून तुम्हाला बोलावलं. म्हटलं, वर्षानुवर्षं गणपती नेणारा माणूस आहे, त्याला उभी वस्तू न आपटता न्यायची सवय असणार. मघाशी वळणावर एक आजोबा हात जोडून उभे राहिले, बघितलंत? चादर गुंडाळलेली बघून त्यांना वाटलं, यंदा माघी गणपती लवकरच निघाले.

आणि ते मागे फ्रीजला मिठी मारून बसलेत ना, त्यांना तुम्ही मघाशी ‘ए हमाल, नीट धर’ म्हणालात — नाही, नाही, त्यांना राग नाही आला, हसत होते ते — पण ते हमाल नव्हेत. ते आमचे हे. हे म्हणजे हे. नाव? नाव मी असं उठसूट घेत नाही. म्हणजे मी काही जुन्या वळणाची नाही हो, बारावी झालेय, पण सासरी रीत आहे, बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, नाहीतर नाही. माझ्या फोनमध्येसुद्धा ‘अहो’ म्हणून ठेवलाय त्यांचा नंबर. परवा त्यात आणखी एक ‘अहो’ निघाला, तो गॅसवाल्याचा. तर नाव राहू द्या. नावावरूनच तर सगळं झालं. नाव आणि मोजणी. तुम्हाला ठाऊकच नाही काय झालं ते? खरंच? अर्धं पेण तिथे होतं तीन दिवस, तुम्ही एकटे कुठे होतात? बरं, भाड्यावर होतात. ऐका मग. निडी यायला अजून वेळ आहे आणि हॉर्न तुमचाही वाजत नाही, मग मीच वाजते.

आमच्याकडे भात कापून झालं की शेतं मोकळी. शहाणी माणसं त्यात वाल पेरतात. आमच्या गडब गावाने यंदा शर्यत पेरली. सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली, म्हणजे शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी, तर माझे सासरे महिपतीशेठ आणि त्यांची कमिटी बसली आणि ठरलं — ‘गडब धुरळा चषक’. हायवेच्या आतल्या अंगाला शेतांचे बांध फोडून मोठं लांबट रिंगण केलं, आणि त्यात गाड्या पळवायच्या. गाड्या म्हणजे कसल्या — भंगारात जायच्या आधी हौसेने मरायला आलेल्या. सगळ्या जुन्या ‘आठशे’, त्या छोट्या चारचाकी. काचा काढलेल्या, दारं वेल्डिंग करून बंद, ड्रायव्हरने खिडकीतून शिरायचं, आणि उलटली तर डोकं शाबूत राहावं म्हणून आत पाण्याचे पाइप जोडलेले. एका गाडीच्या पाइपाला तोटी तशीच होती. धूळ उडू नये म्हणून टँकर सांगितला, त्याने इतकं पाणी मारलं की पहिल्या दोन गाड्या लावणीला आल्यासारख्या रुतून बसल्या. मग पाणी कमी केलं तर एवढा धुरळा की पुढचा मागे का मागचा पुढे तेच कळेना. पण लोक! कोकणात सुट्टीला निघालेली मुंबईची माणसं हायवेवर तास-तास अडकलेली, ती खाली उतरून विचारायची, इथे काय आहे? — आणि आत आली की पोपटीच्या मडक्याशी बसायची ती उन्हं कलल्यावरच उठायची. मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खात खात मान इकडून तिकडे, इकडून तिकडे. बक्षीस म्हणजे फिरती ढाल आणि हा फ्रीज. स्टेजवर हार घालून ठेवला होता, सत्काराला बोलावलेल्या पाहुण्यासारखा.

आता फेऱ्या मोजणार कोण? शुक्रवारी दोन माणसं बसवली होती, एक वडखळचा, एक नागोठण्याचा. एक म्हणाला बारा झाल्या, दुसरा म्हणाला तेरा, आणि बारावाला तेरावाल्याच्या बोटाला चावला. खोटं नाही सांगत, टिटॅनसचं इंजेक्शन घ्यायला न्यावं लागलं. मग कमिटी पुन्हा बसली. सासरे म्हणाले, ‘आमची सून बसंल. अक्षर चांगलं हाय, हिशोबाला चोख हाय, आणि तोंडातून शब्द काढत नाय. भांडणार कुठून?’ सगळ्यांना पटलं. कुणीतरी म्हणालं सुद्धा, अहो पण तिचा नवरा शर्यतीत, आणि तिचा बाप पण शर्यतीत! तर त्यावर कमिटीने असा निवाडा दिला की दोन्हीकडची म्हणजे कोणाचीच नाही. म्हणजे बघा, जे इंदुबाईंच्या दृष्टीने व्यंग होतं त्याच्यावर मला खुर्ची मिळाली. प्लॅस्टिकची, पण खुर्ची. सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसलेली मी आमच्या घरातली पहिली सून.

हो, माझे बाबा पण होते. ते शर्यतीला आलेच नव्हते हो! ते मला बघायला आले होते. लग्नानंतर पहिल्यांदा. पिशवीत शेंगा, डोक्यात माकडटोपी, आणि स्वतःची आठशे. निडीचे जनू मिस्त्री म्हणजे माझे बाबा, भाताच्या गिरण्यांची इंजिनं दुरुस्त करतात. तर गेटवरचा माणूस म्हणाला, गाडी बाहेर लावा, आत फक्त शर्यतीवाल्यांच्या. बाहेर हायवेपर्यंत रांग. बाबा म्हणाले, मग लिव माझं नाव शर्यतीत. झालं! काचा त्यांच्या गाडीला तशाही नव्हत्याच. पाइप म्हणाल तर मागच्या सीटवर कुणाच्यातरी बोअरिंगचा पडलेला होता, तिथल्या तिथे वेल्डिंग करून घेतला. वरून कुणाचंतरी हेल्मेट, खाली माकडटोपी. आणि चालवली कशी — दुसऱ्या गिअरमध्ये. फक्त दुसऱ्या. आतल्या कडेने. कोणाला मागे टाकायचं नाही, कोणाला धडकायचं नाही. बाकीचे आपटले, रुतले, तापले, एकाचं चाक शेंगा खाणाऱ्या बायकांत जाऊन बसलं, आणि बाबा आपले फिरतायत, गिरणीचा पट्टा फिरावा तसे. असे फिरत फिरत ते रविवारच्या शेवटच्या शर्यतीत आले. कमिटीतले दोघे त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, ‘जनूशेठ, पहिल्या वर्षीचा जावई हाय तुमचा, त्याला हरवू नका, बरं दिसत नाय.’ बाबांनी कानाला हात लावून विचारलं, ‘काय?’ ते पुन्हा म्हणाले. बाबा पुन्हा म्हणाले, ‘काय?’ तीन वेळा झाल्यावर ते गेले. बाबांना सगळं ऐकू येतं. इंजिनाच्या आवाजात जन्म गेला म्हणून लोक समजतात बहिरे आहेत, आणि बाबा समजू देतात.

मी का बोलत नाही असं विचारलंत ना मघाशी — नाही विचारलंत? बरं, विचारणार होतात. आमच्या घराला लागून गिरणी. दिवसभर धडधड. बोलून उपयोगच नाही, म्हणून आमच्याकडे हातांनी बोलतात. जेवायला ये, हे असं. पट्टा सोड, हे असं. आणि राहू दे, थांबव, हे — असा पालथा तळवा, खाली दाबल्यासारखा. तोंडाने बोलणाऱ्या घरात गेले तर मला वाटलं, ही माणसं सारखी भांडतायत का? पण आवाज मला कळतो काका. इंजिनाचा. तुमच्या टेम्पोचा पुढचा डावा बेअरिंग गेलाय, पेणला गेलात की दाखवा. ह्यांच्याशी मात्र बोलते हो मी! मागे बसलेत ना, त्यांच्याशी. एवढी बोलते की ते म्हणतात, थोडं बाहेर पण बोलत जा, मला एकट्याला आवरत नाही.

आता एक सांगते ते कोणाला सांगू नका. इंदुबाईंना तर अजिबात नाही. शनिवारी दिवेलागणीला हे गोठ्यामागे गाडीजवळ बसले होते, रडवेल्या तोंडाने. रेडिएटरला केसाएवढी चीर. पाणी भरलं की टिपटिप. गॅरेज सगळी बंद, सुट्टी ना. म्हणाले, संपलं, उद्याचं काही खरं नाही. मी म्हटलं, हळद घाला. ते म्हणाले, जखमेला घालतात. मी म्हटलं, ही पण जखमच आहे, पाण्यातून हळद फिरते आणि फटीत जाऊन बसते, बाबा घालतात. मग हळद आणायची कुठून? स्वयंपाकघरात सासूबाई. पण लग्नातली उरलेली हळद होती — आमच्याच लग्नातली — ती सासूबाईंनी डब्यात जपून ठेवलेली, धाकट्या दिराच्या लग्नाला होईल म्हणून. ती मी ओच्यातून आणली, दोन मुठी. टिपटिप थांबली! हे इतके खूश झाले की म्हणाले, आपल्याला लागली तेव्हा एवढा उपयोग झाला नव्हता. म्हणजे लक्षात आलं का काका, ह्यांची गाडी रविवारी धावली ती माझ्यामुळे. म्हणून मला कोणी म्हणू नये की मी माहेरची बाजू घेतली. पण सांगणार कसं? सांगितलं तर हळद बाहेर येते.

आता रविवार. चार वाजताची शर्यत, आठ गाड्या, वीस फेऱ्या. माझ्या शेजारी माइक घेऊन आमचे चुलत सासरे, केरूकाका. मी वहीत रेघ मारायची आणि त्यांनी माइकवर मोठ्याने फेरी पुकारायची, म्हणजे झेंडेवाल्याला कळतं. केरूकाकांचा माइक म्हणजे एरवी लग्न, क्रिकेट आणि हरवलेल्या चाव्या. आणि खळ्यावर भात मापायलाही गावात त्यांनाच बोलावतात, हे लक्षात ठेवा. तर प्रत्येक शर्यतीआधी एक फेरी देवाची असते. सावकाश, रांगेत, ग्रामदेवीच्या नावाने नारळ फोडून. ती मोजायची नाही, ती देवाची. शनिवारी सगळं बरोबर झालं. रविवारी गर्दी बघून केरूकाकांच्या अंगात आलं. देवाची फेरी पुरी झाली, गाड्या रेघेवर आल्या, आणि काकांनी माइकमध्ये ललकारी दिली — ‘लाभ!’

तुम्ही पेणात मूर्ती मोजता, तुम्हाला ठाऊक असेल-नसेल. आमच्याकडे भाताचं पहिलं माप टाकलं की ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. पहिल्याच मापाला एक म्हणून थांबायचं नाही, लाभ व्हायला हवा म्हणून. म्हणजे ‘लाभ’ हाच एक. तर काकांनी देवाच्या फेरीला कौतुकाने लाभ म्हटलं, आणि गाड्या सुटल्या, खरी पहिली फेरी मारून समोर आल्या, तर काकांच्या तोंडून आपसूक काय यावं? — ‘दोन!’ मी वहीत पहिली रेघ मारत होते. माझा हात तसाच राहिला. मी आजूबाजूला बघितलं. शेकडो माणसं, कोणी चमकलं म्हणून नाही! कसं चमकणार? सगळी भात मापणारी. लाभानंतर दोन, ह्यात कोणाच्या कानाला काय खुपणार? मुंबईची होती त्यांना वाटलं, इथे अशीच पद्धत असेल. मी हळूच बोट वर केलं काकांसमोर, एक, एक म्हणून. काकांनी माइकवर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, ‘जाऊन या सूनबाय, त्या झाडामागं आडोसा हाय.’ मी बोट खाली घेतलं. म्हटलं, नंतर सांगू. अजून अठरा फेऱ्या आहेत.

अठरा फेऱ्या कुठे गेल्या कळलं नाही. पंधरावीला दोनच गाड्या उरल्या, ह्यांची आणि बाबांची. हे अर्धी फेरी पुढे. लोक उभे राहिलेले, सासूबाई पहिल्यांदाच पदर सोडून दोन्ही हात वर करून ओरडत होत्या. आणि मला ह्यांच्या इंजिनाचा आवाज येत होता. आधी गुळगुळीत होता, मग कोरड्या कढईत पाणी ओतावं तसा, चर्र. हळद सुटत होती. सतरा, अठरा — माझ्या वहीत तेव्हा सतरा — एकोणीस, वीस! झेंडा पडला. ह्यांची गाडी रेघ ओलांडून चार हात गेली आणि बंद पडली. माझ्या वहीत पाच-पाचच्या तीन जुड्या आणि वर चार रेघा. एकोणीस. लोक आत घुसले, ह्यांना खिडकीतून ओढून काढून खांद्यावर घेतलं. आणि बाबा? बाबा रेघेवर आले, झेंड्याकडे बघितलं, आणि थांबलेच नाहीत. तशीच दुसऱ्या गिअरमध्ये आणखी एक फेरी मारली, अख्खी. लोक हसायला लागले, ‘म्हाताऱ्याला झेंडा दिसला नाय रे!’ दिसला हो. मोजलं होतं त्यांनी. विसावी पुरी केली, गाडी बाजूला लावली, हेल्मेट काढलं आणि गर्दीतून मला शोधलं. मी वही वर धरली. त्यांनी हे असं केलं. पालथा तळवा. राहू दे.

राहू दे का? कळतं ना. मुलगी त्या घरात नांदायचीय. आणि खरं सांगू काका? — मी राहू देणार होते. हे मी ह्यांना पण नाही सांगितलं. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, डिकी भरली. आता सासूबाईंचा कोपरा भरेल, उसासा बंद होईल, थंड पाणी मला पण मिळेल. शनिवारपासून त्यांनी कोपऱ्याला लागून असलेलं माझं माहेरचं कपाट ओटीवर काढून ठेवलं होतं, फ्रीजची दारं उघडायला जागा म्हणून. पेणहून बर्फाचा ट्रेसुद्धा आणून ठेवला होता. एक रेघ तर मारायची होती. पेन हातात होतं. मी ते टेकवलं पण होतं कागदावर, ठिपका आहे अजून.

मग बक्षीस. हे स्टेजवर, गळ्यात हार, बाजूला फ्रीज, त्याच्या गळ्यात हार, आणि केरूकाका माइकवर — ‘आता इजेत्याच्या मंडळी नाव घेणार! या सूनबाय!’ झालं. ‘नाव घ्या, नाव घ्या!’ सगळा गाव. पहिल्या रांगेत इंदुबाई, त्यांनी तोंडाशी हात धरून हाक दिली, ‘घे गो पोरी, वाजीव एकदा!’ वाजीव म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक मी भिंतीअलीकडे होते. मी वर गेले. माइक हातात आला, तो थंडगार. मला पाठ उखाणा होता, लग्नातलाच, चांदीच्या ताटातला, तो म्हणून खाली उतरायचं होतं. आणि सहज बाबांकडे नजर गेली. ते अगदी मागे, बांधावर उकिडवे, माकडटोपी घातलेले, आणि टाळ्या वाजवत होते. जावयाला. काका, एवढ्या माणसांत सगळ्यात जोराने तेच टाळ्या वाजवत होते. गिरणीवाल्याचे हात ते, मला एवढ्या लांबून वेगळे ऐकू येत होते. त्यांनी नसत्या वाजवल्या तर मी गप्प बसले असते. शप्पथ.

मग काय, म्हटला उखाणा. काय म्हटला ते सांगते, थांबा, आधी पुढचं ऐका, तो सांगितला की मला हसू येतं आणि फ्रीज उतरवायचाय. उखाण्यातला आकडा कानावर पडला, काका, आणि केरूकाका बोटांवर मोजायला लागले — लाभ, दोन, तीन — आणि दर वेळी वीसच येत होते! मग ह्यांनी माझ्या काखेतली वही घेतली. रेघा मोजल्या. मला वाटलं, आता हे माझ्याकडे बघणार नाहीत. त्यांनी गळ्यातला हार काढला, तो माझ्या गळ्यात नाही हो, केरूकाकांच्या गळ्यात घातला, आणि म्हणाले, ‘मग माझी एक राहिलीय.’ आणि उतरले की! गाडीत शिरले, चावी फिरवली, टँकरपर्यंत गेली, आणि फस्स — पिवळी वाफ. पिवळीधम्मक! सासूबाई स्टेजखालून ओरडल्या, ‘अगो बाय, हळदीचा वास!’ मी पदरात तोंड घातलं. हे खाली उतरले आणि गाडी ढकलायला लागले. लोक हसतायत, हे ढकलतायत. मग बांधावरून बाबा उठले, टोपी सारखी केली, मागून हात लावला आणि विचारलं, ‘जावईबापू, न्यूट्रलला हाय ना?’ नव्हती. म्हणून तर हलत नव्हती. अशी ती विसावी फेरी झाली, सासरा-जावई ढकलत, आणि शेवटी अर्धा गाव ढकलत. सासरे माइकवर म्हणाले, पहिला नंबर जनू मिस्त्री, निडी. आवाज जरा बसला होता त्यांचा. पण म्हणाले.

बाबा फ्रीज नको म्हणत होते. हे म्हणाले, मामा, मी स्वतः आणून पोचवणार. म्हणून हे मागे. आता गावात इंदुबाई सांगत फिरतायत, लोकांच्या सुना फ्रीज घेऊन येतात, कृष्णाबायची सून सासरचा फ्रीज घेऊन माहेरी गेली. आणि सासूबाई? कालपासून बोलल्या नाहीत माझ्याशी. घरात आता हॉर्न नसलेली गाडी त्या. पण सकाळी टेम्पो आला ना तुमचा, तेव्हा ओटीवर आल्या, हा बर्फाचा ट्रे माझ्या मांडीवर टाकला, म्हणाल्या, ‘ह्यो पण ने, आमी काय करू ह्याचं? आणि सांजच्याला लवकर ये, तुझं कपाट आत कोण घेणार, मी?’ ये म्हणाल्या. तुम्ही ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार. ये म्हणाल्या.

हे फाटक ओलांडलं की डावीकडे घ्या. ती गिरणी, धूर दिसतोय ती. बाबा दारात उभे असतील, बघा, आहेत, तो तळवा बघा कसा — नको नको म्हणतायत अजून. लक्ष देऊ नका. सावकाश. इथेच. गाडी बंद करा आधी, मला तुमच्या इंजिनावर ओरडायला लावू नका. काल पण गाडी बंदच होती. माइक असा दोन्ही हातांत, डोक्यावर पदर, समोर अख्खा गाव, इंदुबाई पहिल्या रांगेत. आणि मी म्हटलं —

‘लाभाची फेरी देवाला, गाडीच्या झाल्या एकोणीस,
सखारामरावांचं नाव घेते, आधी पुरे करा वीस!’